ताटाएवढी सावली

लातूर
११ एप्रिल २०२५

चि. आनंदराज यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तू भाषण करतोस आणि भाषणाला उत्तर देता येत नाही. कागदावर तुला मधे मधे थांबावं लागेल.

पंचशीला परवा संध्याकाळच्या बसनं माझ्याकडे आली. हातात एक पिशवी आणि छत्री. नणंदेकडे चार दिवस हवापालट म्हणून मीही खूश झाले. काल भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, की अंगणातला करंज पाडला आणि मला विचारलं नाही. त्यापुढं एक शब्द नाही. तुझा फोन वाजला की मोबाईल पालथा घालून ठेवते.

लग्नाच्या सव्वीस वर्षांत ही बाई अशी घर सोडून निघालेली मला माहीत नाही. म्हणून सरळ विचारते. करंज का पाडलास? आणि त्याच्याखाली ब्राह्मीचा वाफा होता, त्याचं काय झालं? शाळेतून निवृत्त झाले तरी विज्ञानाची बाई आहे मी. आधी झाडाची चौकशी करते, मग माणसाची. तर आता माणसाची: शुगर तपासलीस का? लुंबिनीला पुण्याला यातलं काही कळवू नकोस, पोरीची नोकरी नवी आहे.

श्रोत्यांवर करतोस तेवढी माया घरच्यांवरही असू दे.

तुझी
महामायाअक्का


नांदेड
१५ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र जयंतीच्या गडबडीत मिळालं. करंज मी पाडला, लपवत नाही. अंगणात व्याख्यानाचा मंडप घालायचा होता, चारशे माणूस येणार होतं. मी फांद्याच उतरवणार होतो. मजूर म्हणाला, साहेब, खोड उभं राहिलं तर बरोबर मंडपाच्या मधे येतं, पाडूनच टाका. मी हाव म्हणालो, होकार दिला. पंचशीला तेव्हा विहारात गेली होती. ती येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं, हे आता कळतं.

पण झाडाची बाजू घेण्याआधी आपले आजोबा आठव. दिवस कलला की ते गावातून रस्त्याच्या कडेकडेनं चालायचे. लांबलेली सावली कुणाच्या ओट्यावर पडायला नको, विटाळ झाला म्हणून शिव्या खायला नकोत. निर्धास्त चालायचे ते फक्त भर दुपारी, सावली पायाखाली असताना. त्या माणसाचा मी नातू. चाळीस वर्षं गावोगाव एकच गोष्ट सांगून राहिलो, की उन्हात या, ताठ उभे राहा, कुणाच्या सावलीला जगू नका. आणि माझ्याच अंगणात एक जीव सावलीत अंग चोरून पडलेला मी कौतुकानं बघत बसू?

वाफ्याची काळजी नको. कार्यक्रमात भोवती दोरी बांधली होती, कुणाचा पाय पडू दिला नाही. आता त्याला पहिल्यांदाच मोकळं ऊन मिळून राहिलं. रोज बारा वाजता मी स्वतः पाइपानं पाणी देतो. पानं आटोपशीर झालीत, कडांना लाली चढली. तेज आलंय. पंचशीलेला म्हणावं, येऊन बघ.

राग पोटभर कर, पण माया तेवढी शिल्लक ठेव.

तुझा
आनंदराज


लातूर
१९ एप्रिल २०२५

चि. आनंदराज यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

लाली चढली हे वाक्य मी मोठ्यानं वाचायला नको होतं. पंचशीला ताटावरून उठली.

ते तेज नाही, बाबा. ते भाजणं आहे. ब्राह्मी रानाच्या तळाशी पसरते. वरच्या पानांतून गळून खाली येतात ते उन्हाचे कवडसे, तेवढ्यावर ती पोसते. सकाळी आठ-नऊपर्यंतचं कोवळं ऊन तिला मानवतं, नंतर अर्धी सावली लागते. उघड्यावर टाकली की पानं बारकी आणि जाड होतात, कडा तांबडतात, मग करपतात. आपल्याकडच्या बेचाळीस अंशांत याला किती दिवस लागतात ते तू बघतोच आहेस. भर दुपारचं पाणी बंद कर, तापलेल्या मातीत मुळं उकडतात. उन्हं उतरल्यावर दे. आणि वर काहीतरी आडोसा कर. मात्र मिट्ट अंधार नको. त्यात देठ लांबत जातात आणि पानं फिकट पडतात. अर्धा उजेड, अर्धी सावली. तुझ्यासारख्या टोकाच्या माणसाला जड जाईल, पण हे विज्ञान आहे, मत नाही.

आणखी एक गोष्ट. हा वाफा कुठून आला ते तू विसरलास. पंचशीलेच्या आईनं, कस्तुराबाईंनी, हिमायतनगरकडच्या रानातून ओढ्याकाठच्या जांभळाखालची रोपं ओल्या फडक्यात बांधून लेकीच्या लग्नानंतर आणली होती. करंजाखालची जागा त्यांनीच निवडली. कस्तुराबाई जाऊन दोन वर्षं होतील. त्यांच्या हातचं आता एवढंच उरलं आहे. काल पंचशीला म्हणाली, अक्का, वाफा गेला तर त्या अंगणात परत जाऊन मी बघू काय? रडत नव्हती. रडली असती तर मला एवढी भीती वाटली नसती.

वेळ घालवू नकोस. पावसाला दीड महिना आहे.

तुझी काळजी वाहणारी
अक्का


नांदेड
२७ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र पंचशीलेला वाचून दाखवू नको.

तुझं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी मंडपाची उरलेली ताडपत्री वाफ्यावर ताणली. चारी बाजूंनी विटा ठेवल्या. ऊन एक कणभर आत जाणार नाही असा बंदोबस्त केला. सहा दिवसांनी ताडपत्री उचलली तर आत भट्टीसारखी वाफ. अर्धी पानं पिवळी पडून मऊ झालेली, काही कुजलेली. आधी उन्हानं भाजलं, मग मी अंधारात उकडलं. एका कोपऱ्यात ताटाएवढा तुकडा हिरवा आहे, बाकी काही नाही.

मग मोंढ्याच्या बाजारात गेलो. शेडनेटचं दुकान आहे, मालकाचं नाव संगमेश्वर. शांतपणे विचारतो, सर, सावली किती टक्के पाहिजे? पन्नास हाय, पंच्याहत्तर हाय, नव्वद हाय. अक्का, सावलीवर मी दोनशे भाषणं केली असतील, पण किती टक्के हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. शेवटी त्यानंच विचारलं, लावायचं काय? ब्राह्मी म्हटल्यावर पन्नासचं हिरवं कापड फाडून दिलं आणि म्हणाला, कमरेएवढ्या उंचीवर बांधा, खाली वारा खेळू द्या.

बांधलं आहे. पण ताटाएवढं उरलेलं जगेल का, खरं सांग. मला धीर देऊ नको.

तुझ्या धाकात राहू इच्छिणारा
आनंदराज


लातूर
१ मे २०२५

लुंबिनीच्या बाबांना,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र अक्कांनी दाखवलं नाही. पाकीट मीच फोडलं. दोष अक्कांना देऊ नका.

पिवळी पानं उपटू नका. ब्राह्मीच्या दोऱ्यासारख्या आडव्या देठाला गाठी असतात, गाठीगाठीला मूळ असतं. ओढलं तर चांगलंही निघून येतं. उगवतीच्या बाजूचं कापड सकाळी गुंडाळून ठेवा, नऊला सोडा. पाणी सांजेला, झारीनं. करंजाच्या बुंध्याला फुटवे आले तर मोडू नका.

तुम्ही अक्कांना लिहिलं, की अंगणात एक जीव अंग चोरून पडला होता. ब्राह्मी अंग चोरत नव्हती. ती पसरून राहिली होती. सव्वीस वर्षांत ओंजळभराची दहा हात झाली, ते तुम्हाला दिसलं नाही, कारण आवाज झाला नाही. करंज पाडल्याचा मला राग आहेच. पण झाड आपल्या दोघांचं होतं आणि हाव तुम्ही एकट्यानं म्हटलं, याचा जास्त आहे. बाहेर तुम्ही सगळ्यांना सांगता की विचारल्याशिवाय कुणी आमचं ठरवू नये.

एक अट घालते. वाफा जगो की मरो, त्याचं उदाहरण करून कोणत्याही व्यासपीठावर सांगायचं नाही. माझंही नाही. येण्याचं अजून ठरलं नाही.

गोळ्या वेळेवर घ्या.

पंचशीला


नांदेड
१३ मे २०२५

प्रिय पंचशीला,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काल पौर्णिमा. धर्माबादला दुपारी माझं व्याख्यान होतं, गाडी दहाला दारात आली. मी बूट घालत होतो तेवढ्यात वावटळ उठली. नेटचे दोन बांबू मोडले आणि कापड उडून शेजारच्या तारेवर जाऊन फाटलं. वाफा उघडा पडला. आठ दिवसांत ताटाच्या कडेनं चार नवी पानं आली होती, कोवळी, रुपयाएवढी. मी चादर बांधून पाहिली, वाऱ्यानं नेली. दुसरी बांधली, तीही नेली. छत्री तुझ्याबरोबर लातूरला. संगमेश्वरला फोन केला तर म्हणाला, बांबू घेऊन अडीचपर्यंत येतो.

गाडी परत पाठवली. लोकांना वाटलं तब्येत बिघडली. मी काही खुलासा केला नाही.

मग वाफ्याच्या उन्हाकडच्या बाजूला बसलो, माझी सावली त्याच्यावर पडेल असा. ऊन सरकलं की मीही सरकायचो. सव्वाबाराला सूर्य थेट डोक्यावर आला आणि सावलीच गेली. आजोबा ज्या घटकेला निर्धास्त चालायचे, नेमकी ती घटका. त्यांना सावली नको होती तेव्हा ती गावभर लांबायची, आणि मला हवी होती तर पायाखालीसुद्धा पुरेना. शेवटी दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे जमिनीला टेकून वाफ्यावर ओणवा झालो. ताठ उभे राहा म्हणून सांगत फिरणारा मी. पाठ भाजून निघाली. पण खाली बघितलं तर माझ्या छातीच्या सावलीत ती चार पानं गार होती. लोक जिला विटाळ म्हणायचे ती सावली या पानांनी निमूट अंगावर घेतली. संगमेश्वर बांबू घेऊन येईपर्यंत मी तसाच राहिलो. ऐकायला समोर कुणी नव्हतं.

हे मी कुठं सांगणार नाही. तुला सांगितलं, कारण ते तुझं आहे. वाफा जगेल की नाही ते अजून माहीत नाही. करंजाच्या बुंध्याला तीन फुटवे आलेत, हात लावला नाही.

झाडाबद्दल तुला विचारायला पाहिजे होतं. चूक माझी होती, पूर्ण. येण्याचा आग्रह करत नाही. तू ठरव.

आनंदराज


लातूर
१७ मे २०२५

लुंबिनीच्या बाबांना,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र अक्कांनी दोनदा वाचलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, चाळीस वर्षांत याचं पहिलं व्याख्यान झालं, श्रोते चार.

पाठीला खोबरेल लावा. उन्हात इतका वेळ गुडघे टेकून बसलात, पण एवढ्या पुस्तकांतून एक गोष्ट सुचली नाही. ताटाएवढ्या वाफ्याला टोपलं पुरतं. बांबूचं, विरळ विणीचं. उपडं घातलं की आत नेमके कवडसे पडतात, वाराही लागतो, आणि वर दगड ठेवला की वावटळ काही करत नाही. आईनं रोपं आणली तेव्हा करंजाची सावली विरळ होती, पहिला उन्हाळा तिनं तसाच काढला होता. ते टोपलं अजून माळ्यावर आहे, तुमच्या भाषणांच्या गठ्ठ्यांमागे. गठ्ठे जरा बाजूला सारावे लागतील.

मी मंगळवारच्या बसनं निघते. तोवर टोपलं सकाळी नऊला घाला, उन्हं उतरल्यावर काढा. करंजाच्या तीन फुटव्यांपैकी एकच ठेवायचा असतो. कोणता, ते मी आल्यावर दोघं मिळून ठरवू. तोपर्यंत कुणी काही विचारलं, तर हाव म्हणू नका.

पंचशीला