भाकरी तोंडी लावायला

आई, हल्ली मी भाकरी तोंडी लावायला घेतो. तुझ्यासमोर हे बोलायची माझी छाती झाली नसती. आपल्या घरात भाकरी म्हणजे जेवण, आणि बाकी सगळं, मग ती मटकी असो, हुलग्याचं कालवण असो नाही तर ठेचा, हे तोंडी लावणं. आता माझ्या ताटात मटकी भरपूर असते, मेथी असते, काकडी असते आणि कडेला अर्धी बाजरीची भाकरी, नव्या सुनेसारखी अंग चोरून बसलेली.

वणीजवळच्या घरातली एक दुपार मला अजून दिसते. मी शाळेतून आलोय, तू चुलीपुढं भाकऱ्या थापतेयस, धाकटी तुझ्या पाठीला टेकून बसलीय. मी कालवणाची वाटी उचलतो आणि नुसतीच तोंडाला लावतो. थापता हात न थांबवता तू म्हणतेस, "नुसतं कालवण नाय खायचं. भाकर मोड आन् मंग लाव तोंडाला. घरात अजून लोकं जेवायची हायेत." तुझा आवाज चढला नव्हता, तरी मी वाटी खाली ठेवली. कालवण पुरवून खायचं आणि भाकरीला नाही म्हणायचं नाही, हे त्या दुपारी शिकलो आणि पुढं इमानेइतबारे पाळलं. सातपूरला कारखान्यात लागलो, हळूहळू अंगमेहनतीचं काम जाऊन बटणं दाबायचं काम आलं, पण भाकऱ्या तेवढ्याच राहिल्या. वर भात होताच. गेटातून आधी पोट आत जायचं, मागून मी. बायको म्हणायची, खात्यापित्या घरचे दिसता. मलाही ते खरंच वाटायचं.

मग धाकटीच्या किडन्या गेल्या. हे तू गेल्यानंतरचं, म्हणून तुला सांगायला हवं. डायलिसिसच्या सुयांनी तिचा हात काळानिळा झालाय. माझी किडनी तिला जुळते असं कळलं तेव्हा मी तिथल्या तिथे काढून द्यायला तयार होतो. डॉक्टर म्हणाले, तुमचं वजन हे असं, साखर काठावर आलेली. आज तुमची किडनी काढली तर काही वर्षांनी तुम्हीच आमच्याकडे याल. आधी वजन उतरवा, मग बघू. धाकटी बाहेर बाकावर बसली होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "दादा, यंदा ओवाळणीत साडी नको. पोट कमी कर." बोलताना हसली, पण ती घाबरली होती. मीही घाबरलो होतो.

आधी मी आततायीपणा केला. जेवणच सोडलं आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढायला लागलो. काटा खाली आला खरा, पण कारखान्याचा जिना चढताना पाय लटपटायचे. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी चांगलंच फैलावर घेतलं. चरबी जायला हवी, अंगातलं मांस नाही, म्हणाल्या. मग ताट आखून दिलं. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात उसळ, अंडी, पनीर किंवा घट्ट वरण, राहिलेल्या पाव भागात भाकरी नाही तर भात. दोन्ही एकदम नाही. भाकरी वाईट नाही, पण नुसत्या भाकरीनं तुम्हाला पुन्हा लवकर भूक लागते आणि जोडीला प्रथिनं असली की पोट धीर धरतं, असं त्यांनी समजावलं. मित्रानं सुचवलेल्या पावडरीचं विचारलं तर "किडनी द्यायचीय ना तुम्हाला?" एवढंच म्हणाल्या. घरी येऊन बायकोला म्हटलं, बाई ज्याला प्रोटीन म्हणतात ते म्हणजे आपल्या आईचं कालवण, फक्त आता वाटीऐवजी वाडगाभर.

खरी परीक्षा रविवारी. कारखान्यातली मंडळी मिसळीला जातात. मटकी जास्त, तर्री कमी, पाव एकच, असं सांगितलं की वाढणारा मला कुठला आजार झालाय ते शोधायला लागायचा. पावानं तुझं काय घोडं मारलंय, असं विचारून मंडळींनी माझी यथेच्छ खेचली. तू असतीस तर तूही रुसली असतीस, पोरगं अर्ध्या भाकरीवर उठलं म्हणून. पण आई, उपाशी मी उठत नव्हतो. पोट भरत होतं आणि पट्ट्याला आतल्या बाजूनं नवी भोकं पाडावी लागत होती. सरळच सांगतो, मला माझा अभिमान वाटला. तुझा तर त्याहून जास्त वाटला. तू कालवण पुरवलंस म्हणून आम्ही सगळे जेवून मोठे झालो, आणि म्हणूनच आज तुझ्या मुलाला ते पोटभर खाता येतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पुन्हा पाहिले आणि म्हणाले, आता चालेल. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. बाहेर येऊन धाकटीला सांगितलं. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "दादा, तू आईसारखा दिसायला लागलास रे."

घरी येऊन आरशापुढं उभा राहिलो. गालाची हाडं वर आलीत, ती तुझी. हनुवटी तुझी. इतकी वर्षं तू माझ्याच तोंडावर होतीस आणि मला पत्ता नव्हता. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून सांगून टाकतो. वजन मी धाकटीसाठीच उतरवलं. पण ऑपरेशननंतरही ते मी वाढू देणार नाही, आणि हल्ली आरशापुढं दाढी करायला मला फार वेळ लागतो.