सहा नावांची गोपनीय यादी

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ११.२०

हेड ऑफिसची मेल आली. रीस्ट्रक्चरिंग. म्हणजे माणसं काढणार. दैनिक गिरणातरंगच्या सगळ्या आवृत्त्या मिळून दोनशे चाळीस. आमच्या जळगाव-धुळे आवृत्तीच्या वाट्याला सहा. आम्ही एकूण एकोणीस.

ऑफिसात सुतक. ललित (रिपोर्टर, वय सव्वीस, अनुभव शून्य) नखं खातोय. किरण मॅडम (महिला पुरवणी) तिसऱ्यांदा तोंड धुऊन आल्या. मी शांत. बावीस वर्षं सीनियर उपसंपादक आहे. सरकारं बदलतात, तलाठी तोच असतो.

उलट मला यात संधी दिसते. सहा गेल्यावर उरलेल्या तेरांना सांभाळायला एक खमका माणूस लागणार. निवासी संपादक, खानदेश विभाग. दुसरा आहे कोण?

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे. चालणे. इंग्रजी पेपर मोठ्याने वाचणे.

२ डिसेंबर, मंगळवार

सव्वानऊला उठलो. थंडी फार.

दुपारी मीटिंग रूममध्ये बोलावणं. व्हिडिओ कॉलवर एचआरच्या सोनल मॅडम. म्हणाल्या, तुम्ही इतके सीनियर आहात, तुमचं मत आम्हाला फार व्हॅल्युएबल आहे. कोणत्या सहा सहकाऱ्यांशिवाय काम चालेल त्यांची नावं पुढच्या मंगळवारपर्यंत द्या, शक्य तर कारणांसह. अत्यंत गोपनीय. कुणाशी बोलू नका.

मी म्हणालो, मॅडम, थडग्यासारखा गप्प राहीन. त्यांना उपमा आवडली असावी. लगेच कॉल कट केला.

म्हणजे ठरलं. काढायचं कुणाला हे ज्याला विचारतात, त्याला काढत नाहीत. साधं लॉजिक आहे.

माझ्यानंतर बाकीच्यांनाही एकेक करून आत बोलावलं. लॅपटॉपची तपासणी असावी.

२ डिसेंबर, रात्री जेवण झाल्यावर

कोकिळाला फक्त प्रमोशनची कल्पना दिली. बायको असली तरी गोपनीय ते गोपनीय. ती म्हणाली, तुम्हाला कोण प्रमोशन देणार, गॅस बंद केला का ते बघा आधी. मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, योगराज भाऊजींचं काय? तुमच्या शब्दाला खरंच किंमत असेल तर त्यांचं बघा. माझे आबा सिव्हिलमध्ये होते तेव्हा चार दिवस उशाशी ते बसले होते, तुम्ही नाही.

मी म्हणालो, बघतो. (त्या वेळी इलेक्शन होतं. मी कसा बसणार?)

४ डिसेंबर, गुरुवार

यादीला सुरुवात. देवघराच्या खोलीत दार लावून बसलो. केवढी जबाबदारी! सहा घरांच्या चुली माझ्या पेनाच्या टोकावर.

१) ललित. 'आग लागून भस्मसात' लिहितो. आग लागल्यावर आणखी काय होणार?
२) किरण मॅडम. चांगल्या आहेत, पण मला कधी डब्यातलं विचारत नाहीत.
३) प्रकाश, धुळे ऑफिसचा प्रमुख. फोनवर मला 'रुपचंद' म्हणतो. 'भाऊ' नाही.
४) आणि ५) धुळ्याचीच दोन माणसं. नावं आठवत नाहीत, यावरूनच काय ते समजावं.

सहावं सुचेना. चहा घेतला. तरी सुचेना.

५ डिसेंबर, शुक्रवार

धुळ्याला अचानक भेट. पाहणी केल्याशिवाय निर्णय घेणं मला पटत नाही. (शिवाय त्या दोघांची नावं हवी होती.) एसटीने गेलो. वाटेतलं अजंग गाव गेलं कधी, कळलंच नाही. गाढ झोप लागली. डोक्यावर भार असला की लागते.

प्रकाशने उठून खुर्ची दिली. आज चक्क 'रुपचंदभाऊ' म्हणाला! सत्तेचा वास लोकांना लांबून येतो. चहा, वर फाफडा. मग खाली बघत विचारलं, भाऊ, पीएफ काढायचा फॉर्म ऑनलाइन कसा भरतात ते येतं ना तुम्हाला? नाहीतर माझा पुतण्या भरून देतो. एका कोचिंग क्लासचा नंबरही दिला. त्यांना म्हणे जाहिराती लिहायला अनुभवी माणूस पाहिजे.

मला कशाला? मग उमगलं. मी ज्यांना काढणार त्यांच्या पुनर्वसनाची सोय सुचवतोय. चांगला माणूस आहे. पण त्याचं नाव लिहून झालं होतं.

७ डिसेंबर, रविवार

सहावं नाव सापडलं. लिहिण्याआधी दोनदा उठून पाणी प्यायलो. ॲसिडिटी.

६) योगराज.

हे नाव घालण्यामागे मोठा विचार आहे. योगराज माझा मित्र. मूळचा एरंडोलचा, एकोणीस वर्षं माझ्या शेजारी बसून कॉम्प्युटरवर पेपरची पानं लावतो. मित्राचंच नाव नसतं तर हेड ऑफिसला पक्षपात वाटला असता. ते दिसलं की माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका राहणार नाही. निवासी संपादकाला हाच गुण लागतो. आणि सहा नावांतली सगळीच काही ते घेणार नाहीत. योगराजचं तर नाहीच घेणार. त्याच्याशिवाय पान लागणार कसं? म्हणजे नाव घालूनही तो सेफ. कोकिळाचंही ऐकल्यासारखं झालं.

कारणं मात्र भक्कम द्यावी लागली. २०१९चं ते प्रकरण लिहिलं. एका माजी नगरसेवकाचा वाढदिवसाचा फोटो निधनवार्तेत छापून गेला होता. दुसऱ्या दिवशी ते स्वतः ऑफिसात आले, गळ्यात हार घालून, कार्यकर्त्यांसह, आपण जिवंत असल्याचं सांगायला. फोटो फाइलमधून मी काढून दिला होता हे खरं. पण पानावर लावला योगराजने. त्याने सगळ्यांसमोर 'मन्ही चूक शे' म्हणून टाकलं, माफीनामाही त्यानेच लिहिला, त्या वर्षीची इन्क्रिमेंटही त्याचीच गेली. म्हणजे कबुलीजबाब रेकॉर्डवर आहे. मी कल्पनेने काहीच लिहिलेलं नाही.

बाकी पाचांना दोन-दोन ओळी. योगराजला चार पानं. मित्राला आपण जास्त ओळखतो, त्याला काय करणार.

९ डिसेंबर, मंगळवार

यादी पाठवली. सोनल मॅडमचं उत्तर एका मिनिटात: 'थँक्स फॉर युअर डिटेल्ड इनपुट.' डिटेल्ड! हा शब्द सगळ्यांना लिहीत नसणार.

ऑफिसात वातावरण बदललंय. मी गेलो की बोलणं थांबतं. कुणी नजर मिळवत नाही. किरण मॅडमनी आज डबा पुढे केला. शेवभाजी. म्हणाल्या, घ्या ना भाऊ, पोटभर घ्या. डोळे भरलेले. ठसका असेल. यादी एक दिवस उशिरा पाठवली असती तर त्यांच्याऐवजी दुसरं नाव सुचलं असतं. पण एकदा सुटलेला बाण.

व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. 'निवासी संपादक'. पाचशे. प्रेसवाल्याने अभिनंदन केलं नाही. हल्ली लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

मनात आलं, जाणाऱ्यांना निरोप तरी चांगला द्यावा. डिसेंबरात आपल्याकडे निरोप असो, साखरपुडा असो, भरीत पार्टीशिवाय होत नाही. ललितजवळ विषय काढला. तो दचकला. म्हणाला, भाऊ, आमचं ठरलंय ऑलरेडी. येत्या रविवारी. पहूरला जीवरामच्या शेतात. तुम्हाला सांगणारच होतो. तुमच्यासाठीच... म्हणजे सगळ्यांसाठीच आहे.

जीवराम आमचा पहूरचा वार्ताहर. बातमी कमी, वांगी जास्त पाठवतो.

वर्गणी विचारली तर सगळे एकदम म्हणाले, तुमच्याकडून नाही घ्यायची. माझ्याबद्दल इतका आदर असेल असं वाटलं नव्हतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पहाटे पाचला उठलो! (मांजराने दुधाचं पातेलं पाडलं.) चाललो. गल्लीच्या तोंडापर्यंत. कुत्री होती.

योगराज आज पान लावता लावता मध्येच थांबला. हळूच म्हणाला, रुपच्या, काही भी व्हवो, तू मनले लावू नको, मी शे. 'मी आहे' म्हणजे काय, मला समजेना. बहुधा त्यालाच धास्ती असेल आणि मी धीर द्यावा अशी अपेक्षा असेल. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. 'काळजी करू नको,' इतकंच म्हणालो. गोपनीयतेमुळे जास्त बोलता येत नाही.

त्याच्या शर्टाच्या कॉलरला कोकिळा मला लावून देते तसलंच उलटं शिवलेलं बटण आहे. हे का लिहिलं कोण जाणे.

१४ डिसेंबर, रविवार

भरीत पार्टी. काय सांगू!

जीवरामने कपाशीच्या काड्यांवर बामणोदची वांगी भाजली. लाकडी बडगीत कुटायला धुळ्याहून प्रकाश स्वतः आला होता. कळण्याच्या पुऱ्या. मिरचीने कान गरम झाले. मला पहिलं ताट. दुसऱ्यांदा वाढलं, तिसऱ्यांदा वाढलं. नको म्हणालो तर ललित म्हणाला, भाऊ, खा हो, पुन्हा कुठे योग येतो.

मग किरण मॅडमनी शाल आणि नारळ काढला. माझा सत्कार! बातमी फुटली होती तर. मला आधीच संशय होता. मी भाषण केलं. म्हणालो, पद येतं, पद जातं, माणूस टिकला पाहिजे. मी कुठेही असलो तरी तुम्हाला विसरणार नाही. काही कटू निर्णय घ्यावे लागतात, त्यात व्यक्तिगत काही नसतं, मोठ्या मनाने समजून घ्या.

टाळ्या पडल्या. प्रकाशने मान खाली घातली. ललित उठून विहिरीकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. किरण मॅडम म्हणाल्या, भाऊ, तुमचं मन फार मोठं आहे, आम्हीच छोटे. इतका परिणाम माझ्या अग्रलेखांनीही कधी झाला नव्हता.

टाळ्या फक्त योगराजने वाजवल्या नाहीत. तो सगळ्यांकडे रागाने बघत होता. जळतो की काय, असं क्षणभर वाटून गेलं. मैत्रीत हे बसत नाही.

जीवरामला एचआरच्या गोपनीयतेचं काही ठाऊक नाही, तो मानधनावर आहे. निघताना सरळ विचारलं त्याने, भाऊ, आते पुढे काय करशात? मी म्हणालो, आधी केबिनला रंग देणार. त्याने मला डब्यात जास्तीचं भरीत भरून दिलं.

१६ डिसेंबर, मंगळवार. दुपारी १.१०

सोनल मॅडमचा कॉल. मी कोट घालून बसलो होतो.

पॉइंटवाइज लिहितो, म्हणजे समजेल.

यादी फक्त मला मागितली नव्हती. एकोणीसच्या एकोणीस जणांना मागितली होती.

सतरा याद्यांत माझं नाव आहे. मॅडम म्हणाल्या, इतकं कन्सेन्सस कोणत्याच आवृत्तीत मिळालं नाही. मी 'थँक यू' म्हणालो. सवयीने.

मी विचारलं, अठरावी यादी कुणाची? एकोणिसावी माझी, पण एक उरतेच. ट्रान्सपरन्सी म्हणून त्यांनी स्क्रीनवर कागद दाखवला. वर योगराजचं नाव, खाली सही. मध्ये सहा रकाने कोरे.

मी, प्रकाश, किरण मॅडम आणि धुळ्याचे ते दोघे, असे पाच जण मतांच्या जोरावर गेले. ललित वाचला. सहाव्या नावाला मतं पुरेशी पडेनात. तेव्हा लेखी कारणं कुणाविरुद्ध आहेत ते पाहिलं. चार पानं निघाली. योगराजचं नाव एकाच यादीत होतं. मॅडम म्हणाल्या, युअर नोट वॉज व्हेरी हेल्पफुल.

१६ डिसेंबर, संध्याकाळी

चहाच्या मशीनकडे तोंड करून ललित म्हणाला, सॉरी भाऊ. मी ड्रॉवरमधलं सामान खोक्यात भरत राहिलो. त्याचं नाव मी पहिलं लिहिलं होतं, पण ते आता सांगण्यात काय अर्थ.

योगराजने मला स्कूटरवर घरी आणलं. दोघांचीही खोकी पुढे पायाशी. रस्त्यात मी विचारलं, कागद कोरा का दिलास? तो म्हणाला, कोनं नाव लिहू भाऊ, बठ्ठा आपलाच शेतस. सगळेच आपले म्हणे. मग म्हणाला, मन्हं नाव कोन दिन्हं व्हई, कोन जाने. दिन्हं व्हई एखादानी, त्याले भी लेकरंबाळं शेतस. आणि आकाशवाणी चौकाच्या सिग्नलला मागे वळून म्हणाला, तू भी कोराच दिन्हा ना? माले माहीत व्हतं.

मी हो म्हणालो. सिग्नल सुटला होता. मागून हॉर्न वाजत होते. सविस्तर सांगायला ती जागा नव्हती. शिवाय यादी अत्यंत गोपनीय आहे, तसं मी मॅडमना वचन दिलंय. नोकरी गेली म्हणून वचन मोडता येत नाही.

घरी त्यानेच कोकिळाला सगळं सांगितलं. नोकऱ्या गेल्याचं एका वाक्यात. पुढे म्हणाला, पण वहिनी, रुपच्यानी कोनंच नाव दिन्हं नही, मन्हासारखाच कोरा कागद दिन्हा.

कोकिळा रडेल असं वाटलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. बावीस वर्षांत तिने माझ्याकडे असं पाहिलेलं नाही. म्हणाली, जाऊ द्या नोकरी, माणूस म्हणून तरी मला नीट मिळालात. मग तिने दोघांना शेजारी बसवून वाढलं. मला आधी.

तीन भाकरी खाल्ल्या. भूक होती, पण चौथी मागायचा धीर झाला नाही.