बारा वॉर्डांचा एक नळ

सोमवार, ३ मार्च
संकल्प: या महिन्यापासून सॅम्पलिंग शास्त्रशुद्ध. बाराही वॉर्डांत स्वतः जायचं, लाइनवरच्या शेवटच्या नळाचं पाणी घ्यायचं. पाण्याचा इन्स्पेक्टर म्हणजे शहराचा राखणदार. बायकोला हे ऐकवलं, तेव्हा ती प्यायचं पाणी उकळत होती. माझ्या घरात, माझ्यादेखत! अपमान गिळला.

मंगळवार, ४ मार्च
जीप नाही. साहेबांच्या मेहुण्यांना शॉपिंगला घेऊन गेली. बाराही बाटल्या ऑफिसमागच्या नळावर भरल्या, लेबलं वॉर्डांची लावली. ही फसवणूक नव्हे. टाकी एक, पाणी एक. तेच पाणी आणायला गावभर हिंडायचं म्हणजे डिझेलची नासाडी. नळाचं तोंड मात्र जंतू मरावेत म्हणून स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने नीट जाळून घेतलं. कामात कसूर नाही.

शुक्रवार, ७ मार्च
रिपोर्ट आले. बारापैकी बारा पास. लॅबच्या बाईंनी विचारलं की सगळ्या शहराचा क्लोरीन असा तंतोतंत सारखा कसा. बराच वेळ बघत होत्या माझ्याकडे. कोणीतरी कदर केली.

मंगळवार, ११ मार्च
ताईचा फोन. ती बाराव्या वॉर्डात राहते, पाइपलाइनच्या पार शेपटाला. म्हणे पाण्याला गटाराचा वास येतो, एकदा येऊन बघून जा. मी सांगितलं, तुझ्या वॉर्डाचा रिपोर्ट फर्स्टक्लास आहे, तुझं नाकच बिघडलंय. ती म्हणाली, बरं बाबा, तू म्हणतोस तर पितो आम्ही. शिकलेल्या भावाचं ऐकते, हा तिचा मोठा गुण. उद्या जाऊन येईन.

बुधवार, १२ मार्च
ऊन फार. शिवाय गुडघा.

सोमवार, १७ मार्च
भावोजींना कावीळ. अ‍ॅडमिट केलंय. त्या गल्लीत घरटी एक माणूस आडवा. मी म्हटलं, भावोजींना बाहेरचं खायची सवयच आहे. बायको डबा भरून एकटीच हॉस्पिटलला गेली. मला ऑफिस होतं.

बुधवार, १९ मार्च
लॅबच्या बाईंनी आगाऊपणा केला. परस्पर त्या गल्लीत जाऊन नळाचं पाणी तपासलं. क्लोरीन शून्य, घाण भरपूर. त्यांच्या मते गटाराशेजारी पाइप फुटलाय, आजच खोदा. साहेबांनी माझे रिपोर्ट काढले, वर्षभराचे, सगळे पास. म्हणजे लाइन ठणठणीत, दोष लोकांच्या घरच्या टाक्यांचा. खोदकाम रद्द. सर्वांसमोर साहेब म्हणाले, तुमच्यामुळे वाचलो. छाती फुगली.
टाक्या धुऊन घ्या अशी नोटीस माझ्या सहीने घरोघर वाटली.

शनिवार, २२ मार्च
सकाळी भावोजी गेले.
ताईच्या या घरी मी पहिल्यांदाच गेलो. माणसं दाटीवाटीने बसलेली. मला बघून बोलणं थांबलं. दुःखात होतं तसं. ताई रडत नव्हती. माझी नोटीस पुढे धरून तिने विचारलं की, यात लिहिलीय ती टाकी कुठे आहे, दाखव, आत्ता धुते.
गच्ची पाहिली, मोरी पाहिली. टाकी नाहीच. एक नळ आणि त्याखाली बादली.
सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलणं भाग होतं.
मी म्हणालो, बादली घासून घे.