फेडायचं नसलेलं कर्ज

अण्णा,

गाळ्याबद्दल तुम्हाला सांगायला हवं. परवा गुरुवारी मी कंपनीच्या ठरावावर सही केली. कांजूरमार्गच्या आपल्या गाळ्यात पुढेमागे कुणी तिसरं माणूस हिस्सेदार होईल, असा त्या ठरावाचा अर्थ. माझ्या सहीवाचून ते होणार नव्हतं, कारण निम्मी कंपनी तुम्ही माझ्या नावावर करून ठेवलीत. तो दिवस आठवतो. तुम्ही मुलुंडला आमच्याकडे आलात, एका हातात कागदांची पिशवी आणि दुसऱ्या हातात गाळ्यात केलेल्या कुकरच्या रबरी रिंगांची चळत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायला. चहा घेता घेता सासूबाईंना म्हणालात, मुलीला लग्नात सोनं कमी पडलं होतं, ते आज देतोय. सासूबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "व्याही, हे नाकात घालायचं की कानात?" तुम्ही इतके हसलात की बशीतला चहा सांडला. मी आतून फडकं घेऊन आले तरी हसतच होतात. मॅट्रिक झालेल्या, घरखर्चाच्या वहीपलीकडे हिशेब न पाहिलेल्या मुलीला निम्मा हिस्सा का दिलात, ते तेव्हा विचारलं नाही. आता कुणाला विचारू?

दिवाळी जवळ आली की घाटकोपरची खोली आठवते. लक्ष्मीपूजनाच्या आधी घरातली सगळी उधारी चुकती करायची, ही तुमची रीत. वाणी, दूधवाला, पेपरवाला, खालचा इस्त्रीवाला, कुणाचा पैसा अंगावर ठेवून लक्ष्मीपुढे बसायचं नाही. आई चकल्या तळते आहे, स्वयंपाकघरात धूर कोंडलाय, आणि तुम्ही पाटावर बसून पैशांच्या पुड्या बांधताय, एकेकाच्या नावाच्या. वाण्याकडे मी गेले. तो म्हणाला, "राहू दे गं पोरी, काही बाकी राहू दे, पुढच्या महिन्यात बघू." मला वाटलं, आई खूश होईल, सणाला पैसे उरले. उरलेले घेऊन परत आले, तर तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंतसुद्धा नाही. "तो राहू दे म्हणणारच. आपण राहू द्यायचं नाही. परत जा." चकलीचा घाणा होईपर्यंत थांबू का, विचारलं. "आधी जा." रडत गेले होते मी. पण तेव्हापासून माझ्या संसारात दिवाळीच्या अमावस्येला कुणाचं देणं राहिलेलं नाही, हे देवाला साक्ष ठेवून सांगते.

तुम्ही होतात तोवर गाळ्यालाही हीच रीत होती. रोखीने रबर घ्यायचं, रिंगा विकल्या की पुढचं घ्यायचं. तुमच्यामागे भावाने काम वाढवलं. कुकरच्या रिंगा आता थोड्याच, जास्त करून दवाखान्यातल्या यंत्रांना लागणाऱ्या सिलिकॉनच्या रिंगा. त्यासाठी त्याने बँकेकडून कॅश क्रेडिट घेतलं. हे आपल्या ओळखीचं कर्ज नव्हे, अण्णा. घेतलं, हप्ते भरले, संपलं, असं ते होत नाही. बँक एक मर्यादा ठरवून देते. तेवढ्यात लागतील तसे उचलायचे, गिऱ्हाइकाचे आले की भरायचे, पुन्हा उचलायचे. व्याज फक्त उचललेल्यावर. आणि किती उचलू देणार, ते गाळ्यात माल किती पडलाय आणि बाजारातून येणं किती आहे, त्यावर. दर महिन्याला तसं लिहून द्यावं लागतं. कर्ज फिरत राहतं, शून्यावर येत नाही, आणि आलं नाही म्हणून कुणी काही म्हणतही नाही. भावाला ते लागत असणार. दर लक्ष्मीपूजनाला गाळ्यात तुमच्या फोटोला हार घालताना तो वर बघायचा नाही.

मागच्याच्या मागच्या दिवाळीला त्याने मनावर घेतलं. एकदा तरी अण्णांच्या रीतीने पूजा करायची. तयार माल व्यापाऱ्यांना पडत्या भावाने दिला, येणं होतं त्यात सूट दिली, म्हणाला आत्ता रोख द्या. सगळं बँकेत भरलं आणि खातं शून्यावर आणलं. मला फोन केला, "ताई, एक पैसा नाही अंगावर!" आवाज लहानपणीचा होता. मी बेसनाचे लाडू घेऊन गेले. त्या दिवशी त्याने तुमच्या फोटोकडे पोटभर बघितलं, आणि मला भरून आलं. पुढच्या महिन्यात बँकेला हिशेब गेला. माल नाही, येणं नाही. बँकेने तोच नियम लावला. मालावर उचल मिळते, माल कुठे आहे? सिलिकॉन घ्यायला पैसे निघेनात. मोठ्या गिऱ्हाइकाचा माल वेळेवर गेला नाही, ते दुसरीकडे गेलं. मग बँकेने मर्यादाच कमी केली. माझी भाची, भावाची मुलगी, आता गाळ्याचं सगळं बघते. तिने कपाळाला हात लावला. "बाबा, शून्य करायला बँकेनंपण नव्हतं सांगितलं ना! तुम्हाला कुणी सांगितलं?"  

तेव्हापासून ओढाताण. पगार मागेपुढे व्हायला लागले. रिंगांची कड कातरणाऱ्या बायका तुम्हाला माहीत आहेत, त्यांतली एक तुमच्या हाताखाली लागलेली अजून आहे. गेल्या खेपेला गाळ्यात गेले तर खिडक्या बंद, डम्पिंगवरच्या कचऱ्याचा वास त्या दिवशी फार होता. कातरता कातरता तिने विचारलं, "ताई, यंदा दसऱ्याला मशिनीला हार घालायला आम्ही असू ना?" मी असणार म्हटलं. घरी येऊन जेवण गेलं नाही.

भाचीने मार्ग काढला, तो म्हणजे हा ठराव. कागदावर 'परिवर्तनीय रोखे' असं जड नाव आहे, ती नुसतं 'नोट' म्हणते. माझ्या ओट्याशी उभी राहून मला समजावत होती. "आत्या, आज ते कर्ज. व्याज लागेल. पण तीन वर्षांत कंपनी चांगली चालली तर देणाऱ्याने म्हणायचं, मला पैसे नकोत, तेवढ्याचे शेअर द्या. मग कर्ज गेलं, हिस्सा आला."

"म्हणजे सावकार घरातच राहायला येणार."

"घरजावई म्हण."

"घरजावयाला काढता तरी येतं का गं?"

"नाही. म्हणून तर आधी स्थळ नीट बघायचं." कोथिंबिरीची काडी तोंडात टाकून हसली. मग गंभीर झाली. "बाबा ऐकत नाहीयेत, आत्या. तुझा हिस्सा निम्मा आहे. तुम्ही दोघांनी हो म्हटलं तरच होतं."

पैसे देणारी बाई पवईहून गाळ्यात आली. माझ्या मुलाच्या वयाची, पायात साधी चप्पल, रिंगा काढायच्या प्रेसजवळ उभी राहून गरम रिंग हातात घेऊन ताणून बघत होती. मी तिला सरळ विचारलं, "बाई, आम्ही तीन वर्षांत तुमचे पैसे व्याजासकट परत केले तर?"

"तर घेईन, काकू. पण खरं सांगू? मला वाईट वाटेल. मी परतफेडीसाठी आलेच नाहीये."

"मग कशासाठी?"

"हे काम वाढेल असं मला वाटतं. वाढेल तेव्हा मला यात असायचंय."

भाऊ उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला. मला त्याचं कळलं. आयुष्यभर आपण एवढंच शिकलो, की देणं फेडलं की मान वर. आणि ही म्हणते, फेडलंत तर माझं चुकलं. मला मात्र त्या वेळी तो घाटकोपरचा वाणी आठवला. 'राहू दे' म्हणताना तोही हेच म्हणत होता का? बाकी राहिली तर पोरगी पुन्हा आपल्याच दुकानात येईल, एवढंच त्याला हवं होतं. तुम्हाला ते कळत होतं म्हणूनच तुम्ही मला परत पाठवलंत, असं आता वाटतं. तुम्हाला कुणाचं बांधलेलं राहायचं नव्हतं. पण अण्णा, तेव्हा चूल एक होती. गाळ्यावर आता बावीस घरं चालतात.

बाहेर गेले. भाऊ तसाच बसला होता. म्हणाला, "ताई, गाळा विकतो. सगळ्यांचे देऊन टाकतो. अण्णांसमोर मान खाली घालून उभं राहायचं नाही मला."

"आणि आत बसल्यात त्यांनी कुठे जायचं?"

"ते मला नको सांगूस."

"मी नाही तर कोण सांगणार रे तुला?"

 शेवटी म्हणाला, "तू कौल लाव. गाळा घेताना अण्णांनी लावला होता तसा. उजवा पडला तर मी सही करतो, एक शब्द बोलणार नाही. डावा पडला तर विकायचं."

तुमचा तो कौल मला आठवतो. गावच्या देवळात गुरव लावतो तसा नाही, आपला घरचा. देवीच्या टाकाला दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची, हात जोडून विचारायचं आणि वाट बघायची. उजवं फूल आधी पडलं की देवीचा होकार. गाळा घ्यायच्या वेळी तुम्ही अंघोळीच्या ओल्या पंच्यात बसून राहिला होतात, आई पोळ्या टाकून दारात उभी होती, आणि आम्ही दोघं श्वास रोखून. तो टाक आता माझ्याच देव्हाऱ्यात आहे. म्हणून भावाने मला सांगितलं.

बुधवारी सकाळी अंघोळ केली, दिवा लावला, जास्वंदीची दोन फुलं पाण्यात बुडवून हातात घेतली. मग भावाला फोन केला. म्हटलं, "उजवा पडला."

 पलीकडे मशिनींच्या आवाजात त्याने नाक ओढलं. "अण्णा हो म्हणाले ना, ताई?"

"हो म्हणाले."

गुरुवारी आम्ही दोघांनी सह्या केल्या. त्याने तुमच्या फोटोकडे बघितलं, अगदी सरळ बघितलं.

हा कागद घरात ठेवायचा नाही. भाऊबीजेला तो येतो आणि हक्काने माझी कपाटं उघडतो. म्हणून लिहून झाला की दिव्यावर धरणार आहे. अण्णा, फुलं मी टाकाला लावलीच नव्हती. डावा पडला असता तरी मी सही करणारच होते. देवीला विचारून तिचं ऐकायचं नाही, त्यापेक्षा न विचारलेलं बरं, म्हणून दोन्ही फुलं तिच्या पायाशी ठेवली आणि उठले.