भाऊजींचं नाव घ्यायचं कसं?

आदरणीय थोरल्या जाऊबाईंना बिश्केकहून धाकट्या जावेचा तीन वेळा वाकून सलाम. (तिसऱ्यांदा वाकले तेव्हा पाठीत उसण भरली, पण वाकले.) गुरंढोरं सुखरूप आहेत ना? मेंढ्या वरच्या कुरणातून उतरल्या का? तांबड्या गाईला काय झालं, कालवड की गोऱ्हा? दादा, मुलं, सुना, नातवंडं ठणठणीत असतील असं धरून चालते आणि ज्याची खरी काळजी आहे ते विचारते: तुमच्या खुब्याचं काय? काठी सुटली का? इकडे आम्ही बरे आहोत. तुमचे धाकटे दीर बरे आहेत, म्हणजे सोफ्यावर आहेत. फोन करायचा सोडून पत्र का लिहिते असं तुम्ही म्हणाल. एक तर तुमच्या फोनवर आलेलं सगळं नातू अख्ख्या घराला मोठ्याने ऐकवतो. दुसरं म्हणजे हेरांची मालिका लिहायला लागल्यापासून माझा फोनवरचा विश्वासच उडालाय. परवा फोनमध्ये खरखर झाली तर मी 'कान देणाऱ्यालाही सलाम' असं म्हणून मोकळी झाले. पलीकडे तुमची भाची होती, ती घाबरली.

तुमचा निरोप भाच्याबरोबर पोचला आणि कुरुतच्या, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवीही पोचली. 'टीव्हीवर जाऊन माफी माग आणि मोकळी हो, घरातलं घरात राहू दे,' हा तो निरोप. जाऊबाई, तुमच्या निरोपापेक्षा कुरुत गोड लागलं. आणि कुरुत किती आंबट असतं ते तुम्हाला मी काय सांगू, तुम्हीच वळलेलं. पण तुम्ही घरातल्या साऱ्या सुनांत मोठ्या. तुमचा शब्द मी आजवर खाली पडू दिला नाही, म्हणून माफी मागण्याआधी नक्की झालं काय ते एकदा सविस्तर सांगते. गावात तुमच्या कानावर जे आलं असेल ते भाऊजींच्या माणसांनी घातलेलं असणार.

आमच्या मालिकेचं नाव 'बर्फातला हेर'. मी तिचे संवाद लिहिते. दिग्दर्शक मेदेर म्हणून एक पोरगा आहे. हुशार आहे, पण जन्म शहरातला. मेंढी त्याने पाहिली ती ताटात. गोष्ट अशी, की परदेशी हेरांची टोळी आपल्या डोंगरांतल्या झऱ्यांचे नकाशे चोरते आणि आपला मेजर इलगिझ त्यांच्या मागे लागतो. (मेजरचं काम करणाऱ्या नटाला थंडी सोसत नाही, त्यामुळे बर्फातला हेर निम्मा वेळ गाडीतच असतो.) चॅनेलवाल्यांची अट एकच, पण तीन तोंडांची: खरं नाव नको, खरं पद नको, खरं गाव नको. चोर हवा तर परदेशी दाखवा. आपल्याकडे चोर नाहीतच, असं त्यांच्या साहेबांनी चहा पिता पिता सांगितलं, आणि खोलीत कोणीही हसलं नाही. सगळ्यांना घरी बायकापोरं आहेत.

आता मुद्द्याचं. टोळीच्या म्होरक्याला एक सांकेतिक नाव हवं होतं. मेदेरने ठेवलं ते नेमकं... आता कसं लिहू? लाकूड फोडायचं जे हत्यार असतं ना, तेच. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की आपल्या घराण्यात एका थोरल्या चुलत दिरांच्या नावात ते हत्यार बसलेलं आहे! लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी मला बसवून घरातल्या मोठ्यांची नावं एकेक करून कानात सांगितली होती, ती घेण्यासाठी नव्हे, टाळण्यासाठी. सासऱ्यांच्या नावाचा अर्थ 'पुढे जाऊ नकोस, उभा राहा' असा, त्यामुळे मिनीबसमध्ये मी ड्रायव्हरला उतरायचा शब्द आजतागायत सांगू शकलेले नाही. 'बाबा रे, गाडीला जरा दम खाऊ दे' म्हणेपर्यंत पुढचा नाका येतो. मग दिरांचं नाव माझ्या बोटांतून कसं उतरावं? तुम्ही, मी, काराबुलाकच्या साऱ्या सुना सरपण फोडताना त्या हत्याराला म्हणतो 'तोड्या' आणि त्या दिरांना म्हणतो 'तोड्या भाऊजी'. माझ्या हाताने सवयीने तेच लिहिलं. पहिल्या भागापासून म्होरक्याचं नाव 'तोड्या'. मेदेर खूश. म्हणाला, ताई, काय जबरी सुचलंय तुम्हाला! सुचलं नव्हतं, मुरलं होतं.

मालिका सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात आपल्या खोऱ्यातल्या एकूण एक सुनेला कळलं की तोड्या कोण. सुनांकडून ते त्यांच्या नवऱ्यांना कळलं, नवऱ्यांकडून घोडेबाजारात आणि घोडेबाजारातून खुद्द खासदारसाहेबांना, म्हणजे आपल्या भाऊजींना. खरं नाव नको, असं बजावणाऱ्यांना काय माहीत, की आपल्याकडे खोटं नावच जास्त खरं असतं! ज्यांचं नाव घ्यायचं नाही त्यांना आपण नाव ठेवतो, आणि ठेवलेलं नाव घेतलेल्या नावापेक्षा लांब जातं.

नाव चुकून लिहिलं गेलं हे मी कोणाच्याही शपथेवर सांगेन. तळी मात्र चुकून लिहिली नाहीत. तोड्याचा अड्डा कसा दाखवायचा, असं मेदेरने विचारलं तेव्हा मला एकच जागा डोळ्यांसमोर आली: गावाच्या डोक्यावर भाऊजींनी बांधलेलं ते अतिथिगृह, ती उंच भिंत, ते पहारेकरी, आणि आत बड्या पाहुण्यांना गळ टाकायला म्हणून केलेली माशांची तळी. त्या तळ्यांत आपला झरा वळवलाय. गावाच्या नावातच झरा आहे आणि गावातल्या बायका खालच्या ओढ्यावरून पिंपं ढकलत आणतात. गेल्या हिवाळ्यात त्या ओढ्याच्या बर्फावर तुम्ही पडलात आणि खुबा मोडला. मी दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले होते. तुम्ही म्हणालात, माझंच लक्ष नव्हतं गं. जाऊबाई, मला त्या दिवशी इतका राग आला होता की बाहेर जाऊन मी दवाखान्याच्या भिंतीला लाथ मारली. (भिंत सरकारी होती, हलली नाही. अंगठा अजून दुखतो.) तो राग मी मालिकेत घातला. दुसरं कुठे घालणार?

मग मला बोलावणं आलं. 'तेरगो आहे' म्हणाले. आपल्या पूर्वजांना काय सुचलं कोण जाणे, सासरच्यांचं नाव टाळणं तेही तेरगो आणि सरकारी चौकशी तीही तेरगो. मी म्हटलं, साहेब, तेरगो तर मी लग्न झाल्यापासून करतेय, आता तुम्ही करा. चौकशी अधिकारी कुबात नावाचे, मिशीवाले, बोलायला सज्जन. त्यांनी विचारलं, तोड्या म्हणजे कोण? मालिकेतला खलनायक, मी म्हटलं. बरं, आणि खरा कोण? मी म्हटलं, खरा कोण ते तुम्हीच नाव घेऊन विचारा, मी मान हलवून सांगते. साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. नाव घेतलं असतं तर तोड्या आणि ते एकच असं चौकशी अधिकाऱ्यानेच म्हटल्यासारखं झालं असतं! मला रीतीने घेता येईना, त्यांना भीतीने. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, माझी सून मला मागे काय म्हणते, तुम्हाला काही अंदाज? मी म्हटलं, मिशीवरून काहीतरी असणार. ते दिवसभर खिन्न होते म्हणे.

त्यानंतर भाऊजींचा माणूस आला. एर्निस त्याचं नाव. बूट टोकदार, बोलणंही तसंच. त्याने तोडगा काढलाय: मी टीव्हीवर बसायचं आणि सांगायचं, की तोड्या या पात्राचा माननीय अमुक अमुक यांच्याशी काहीही संबंध नाही. नाही सांगितलं तर मालिका बंद, माझं काम बंद, मेदेरचंही बंद. मी म्हटलं, सांगते की, पण 'अमुक अमुक'च म्हणेन. तो म्हणाला, नाव घ्या, नाहीतर लोकांना कळणार कसं? मी म्हटलं, दादा, भरल्या देशासमोर थोरल्या दिरांचं नाव घेऊ? माझ्या माहेरचे काय म्हणतील? तो म्हणाला, पाटीवर लिहून ठेवतो, तुम्ही बोट दाखवा. मी म्हटलं, मोठ्यांकडे बोट दाखवायचं? हे तर त्याहून वाईट! मेदेर कोपऱ्यात खोकल्याचं सोंग करून हसत होता. शेवटी एर्निसने टेबलावर मूठ आपटली आणि सांगितलं की शनिवारी थेट प्रक्षेपण, नंतर कोणी काटछाट केली असं म्हणायला नको.

तर जाऊबाई, परिस्थिती अशी आहे. तुम्ही काळजी करू नका. शनिवारी मी पांढरा रुमाल बांधून जाईन, खाली मान घालून बसेन आणि चांगल्या सुनेसारखी तोंडातून ते नाव काढणार नाही. मालिका बंद पडली तर पडली. घराण्याची रीत मोडली असं कोणी म्हणणार नाही. दादांना माझा सलाम, तांबडीच्या पाठीवर माझ्या नावाने एक हात फिरवा.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेली,
जिपार

ता.क. हे पत्र मी नारिनकडे जाणाऱ्या टॅक्सीवाल्याकडे दिलं होतं. गाडी भरल्याशिवाय तो हलत नाही, आणि गाडी भरली नाही, म्हणून पत्र फिरून माझ्याकडेच आलं. दरम्यान शनिवार होऊन गेला. तुमच्या घरी तेव्हा वीज नव्हती असं कळलं, म्हणून वर जे लिहिलंय त्यातलं शेवटचं वचन खोडायची वेळ आलीय.

पांढरा रुमाल बांधला होता. मानही खाली होती. समोरच्या काचेवर माझं निवेदन सरकत होतं आणि मी शहाण्यासारखी वाचत होते. वाचता वाचता 'माननीय' आलं आणि त्याच्यापुढे ते नाव आलं, ही एवढी मोठी अक्षरं. मी अडखळले. निवेदिका डोळ्यांनी खुणा करत होती, एर्निस हात हलवत होता. मला सासूबाई आठवल्या. आपण नाव का घ्यायचं नाही, असं मी नवी असताना विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ज्याच्या आधाराने आपण जगतो त्याचं नाव जिभेवर झिजवू नये. मग मनात आलं, मी कोणाच्या आधाराने जगतेय? आणि घेतलं. म्हटलं, तोड्याचा बाल्ताबाय यांच्याशी संबंध नाही असं सांगायला मला इथे बसवलंय. तोड्या परदेशी आहे, तो नकाशे चोरतो. बाल्ताबाय आपले आहेत, त्यांनी काराबुलाकचा झरा चोरला. एवढं होईपर्यंत कोणीतरी शेवयांची जाहिरात लावली. आभाळ काही कोसळलं नाही. मालिका मात्र त्याच संध्याकाळी बंद झाली. मेदेर म्हणाला, ताई, आपण दोघंही बेकार, चला मान्ती खाऊ. भरपूर खाल्ल्या.

सासऱ्यांचं नाव मी मरेपर्यंत घेणार नाही. ते मान राखण्यासारखे होते.

ता.क. दुसरा. (खरं पत्र इथून सुरू होतं. वरचं सगळं तुम्ही हसावं म्हणून लिहिलं. हसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं.) आता चौकशी पथक शुक्रवारी तुमच्या गावात येणार आहे, झऱ्याचीच चौकशी करायला. दोन वर्षांपूर्वीही आलं होतं, आठवतं? तेव्हा साऱ्या बायकांनी एकमुखाने सांगितलं, की पाणी तोड्या भाऊजींनी वळवलं. पथकाने शेरा मारला, की या नावाचा कोणी इसम आढळत नाही, आणि निघून गेलं. जाऊबाई, भाऊजींनी भिंतीवर पहारेकरी फुकट उभे केलेत. त्यांचा खरा पहारा आपली जीभ करत होती.

शुक्रवारी सगळ्या सुना तुमच्याकडे बघतील. तुम्ही 'तोड्या' म्हणालात तर त्याही 'तोड्या' म्हणतील, आणि हिवाळा आता आलाच आहे. म्हणून माझं मागणं एवढंच: आधी तुम्ही बोला. गोठ्यात कोणी नसताना एकदा म्हणून बघा, बाल्ताबाय. पहिल्यांदा जीभ अडते, पुढच्या वेळी नाही. काठी टेकली तरी चालेल, पण उभं राहून सांगा. मी पडद्यावर बोलले, ते लोक मालिकेतलंच समजून सोडून देतील. तुम्ही बोललात तर ती साक्ष होईल.