तिने पसंत केलेलं मशीन

७ जानेवारी, बुधवार

रबराची टोपी कानातच राहिली!

यांच्या कानातल्या मशीनच्या तारेला पुढे बोटाच्या पेराहून लहान अशी मऊ टोपी असते. ती फाटली होती. मी म्हटलं, त्यात काय, मी आणते. आमच्या कपडे-दुरुस्तीच्या दुकानात तुटलेल्या बटणाला जोडीचं बटण मीच शोधून देते, गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. नजरेनेच मापून आणली. रंग तोच, आकार तोच. पण आतलं भोक केसभर मोठं होतं, ते कुठे दिसतंय! संध्याकाळी यांनी मशीन काढलं तर तार हातात आली आणि टोपी आत.

डॉक्टरांनी चिमट्याने काढली. विचारलं, "कुणी बसवली ही?" यांनी माझ्याकडे बोट केलं. शाळेत मुलं करतात तसं!

 घरी येऊन जिना चढताना म्हणाले, "ती बरोबर आणायची."

८ जानेवारी

ती. ती म्हणजे यांची पहिली बायको. जाऊन चार वर्षं झाली. माझं लग्न होऊन दोन.

फोटोचं मला काही वाटत नाही, धूळ मीच पुसते. तिचे डबे होते, ते मी हळूहळू बदलले. पडदे बदलले. बाहेरच्या खोलीत आता तिचं फारसं काही नाही. पण कानात शिरून बसलेल्या बाईला बाहेर कशी काढायची? मशीन तिने निवडलेलं. ते कुठल्या दुकानात घ्यायचं, कुठल्या बाईकडून बसवायचं, सगळं तिने ठरवलेलं. सकाळी डोळे उघडले की यांचा हात पहिला कुठे जातो? माझ्याकडे नाही. उशाजवळच्या तिच्या डबीकडे. तिला कानात घालतात, मग माझं "उठलात का?" ऐकू येतं. आधी ती, मग मी!

एक मात्र माझं आहे. मी आतून हाक मारली की हे मान वर करतात आणि चेहरा असा उजळतो की बघत राहावं. तेवढं कुणाला द्यायचं नाही.

११ जानेवारी, रविवार

नणंद आली होती. टोपीची गोष्ट ऐकून पोट धरून हसली. मग म्हणाली, "वहिनीने किती हिंडून घेतलं होतं हो ते मशीन! तीन-तीनदा बदलून बघितलं, दादाला पसंत पडेपर्यंत."

वहिनी म्हणजे ती. मला ही बाई "अहो" म्हणते. दोन वर्षं झाली, मी अजून "अहो"च.

चहात साखर घालायची विसरले. मुद्दामच विसरले.

१५ जानेवारी

आज मशीन पिशवीत घालून थेट मोठ्या दुकानात गेले, ते बसवून देणाऱ्या बाईकडे. मी तिला मनात कानवाली म्हणते. चांगली आहे. ओरडली नाही.

म्हणाली, "टोप्या प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात, ताई. दिसायला बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही." मग सगळं समजावलं. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची. तारेच्या टोकाला असतो तो रिसीव्हर, आवाज त्यातून येतो. त्याची ताकद कानाप्रमाणे ठरते, तारेची लांबीही. कमी ताकदीचा लावला तर ऐकू येणार नाही, जास्तीचा लावला तर कान दुखेल. मळ अडवायची जाळी असते ती निराळीच. मला आवडलं हे. चेनच्या रनरसारखंच आहे, नंबर जुळला नाही की चालत नाही.

बरोबर टोप्या आणल्या. स्वतः बसवल्या. दोनदा ओढून बघितल्या. हे म्हणाले, "हं, आता ठीक."

हं! तिला काय म्हणत असतील? शाबास?

२२ जानेवारी

उजवं मशीन मुकं झालं. सेल बदलला, जाळी बदलली, काही नाही. कानवालीने तपासलं, रिसीव्हर गेलाय. आणि हे मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलंय. "नवीनच घ्या आता, काका. याचे भाग मिळणं कठीण आहे."

हे म्हणाले, "हेच पाहिजे."

"अहो, पण मिळत नाही म्हणतायत ना त्या."

"शोधू या."

डाव्या कानावर चाललंय आता. मी उजवीकडून बोलले की सगळेच्या सगळे वळतात. मला वाईट वाटायला हवं. वाटतंही. पण खरं लिहायचं तर आतून बरंही वाटतंय. अर्धी तरी गेली!

२९ जानेवारी

चार दुकानं झाली. एका ठिकाणी रिसीव्हर बसला, पण ताकद जास्त. सारखी शिट्टी वाजायला लागली. दुकानातला कुत्रा उठून बाहेर गेला. मी हसले, हे नाही हसले. काढून ठेवला आणि म्हणाले, "बघ ना अजून कुठे."

रोज काम सुटल्यावर हिंडतेय. कुणासाठी? सवतीसाठी! जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं. तिचं वजन वाढलं, केस पिकले, असं काहीतरी बोलता येतं. हिचं काय करू? ही कधी म्हातारी होणार नाही, चुकीची टोपी आणणार नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

मिळाला!

कानवालीचा फोन आला. कुणीतरी आपलं जुनं मशीन परत आणून दिलं होतं. तेच मॉडेल, उजवा कान, ताकद तीच, लांबी तीच. त्यातला रिसीव्हर काढून मला दिला. "नशीब काढलंत, ताई."

घरी आले. हे दाराशीच. माझ्या तोंडाकडे बघत.

"मिळाला?"

"नाही."

कसं निघालं तोंडातून कोण जाणे. पिशवी हातात, तो पिशवीत, आणि मी नाही म्हणतेय. यांनी माझ्या हातावर थोपटलं. "जाऊ दे. किती पायपीट केलीस माझ्यासाठी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी

देईन उद्या.

६ फेब्रुवारी

नाही देणार. चार वर्षं झाली. पुरे आता.

१० फेब्रुवारी

हे आपणहून म्हणाले, "घेऊ या नवीन. तूच निवड. मला काय कळतंय त्यातलं."

तूच निवड! मला पंख फुटले. दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. कानवालीला आधीच सांगून ठेवलं, तो रिसीव्हर काही चालला नाही, यांच्यासमोर विषय काढू नका. मग तिचं डोकं खाल्लं. सेलचं की चार्जिंगचं? याच्या टोप्या पुढेही मिळतील ना? ओल शोषणाऱ्या डबीत हे मावेल का? तो कॉलरला लावायचा छोटा माइक या मॉडेलशी जुळतो का? शेवटी ती म्हणाली, "ताई, तुम्ही इथेच नोकरी धरा." रंग राखाडी घेतला. तिने काळा घेतला होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज बसवलं. कानवाली संगणकावर आवाज जुळवत होती. मला म्हणाली, "बोला काहीतरी. घरी बोलता तसं."

मी आठवडाभर ठरवत होते काय बोलायचं. ऐन वेळी सुचलं काय, तर "चहा घेता का?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या मागे बघितलं! मागे भिंत. कानवालीला विचारलं, "हा आवाज बरोबर आहे का?"

"आता बरोबर आहे, काका. जुनं मशीन बारीक आवाज खाली ओढून जाड करून ऐकवायचं, तुमच्या सोयीसाठी. त्यात बायकांचे आवाज जवळपास एकसारखेच वाटतात. ताईंचा खरा आवाज तुम्ही आज पहिल्यांदा ऐकताय."

खरा आवाज! माझा! संध्याकाळभर बडबडले. लहानपणीचं, दुकानातलं, नणंदेच्या नकला. हे ऐकत होते. एकदा फक्त म्हणाले, "जरा हळू."

तो रिसीव्हर दुकानात नेऊन बटणांच्या डब्यात तळाशी टाकणार आहे. जिंकले मी.

१९ फेब्रुवारी

चहा दिला तर "थँक्यू" म्हणाले. पाव्हण्यासारखे.

हाक मारली तर उठून आले, "काय हवंय?" विचारलं. चेहरा कोरा.

"टोचतंय का कानात?"

"नाही गं. छान आहे. स्वच्छ ऐकू येतं."

तब्येत बरी नसेल.

२१ फेब्रुवारी

जेवता जेवता म्हणाले, "एक सांगू? रागावू नकोस. जुन्या मशीनमधून तू बोललीस ना, की ती बोलतेय असं वाटायचं. हुबेहूब. बघायला आलो होतो तेव्हा तू आतून 'बसा ना' म्हणालीस. तुला बघायच्या आधीच मी मनात हो म्हटलं होतं."

हे पाणी प्यायले. मग म्हणाले, "आता तुझ्या आवाजाची सवय करून घ्यायला हवी."

मी "बरं" म्हटलं. तेवढ्यालाही हे दचकले.