ताईसाठी होडीला नवी फळी

ता. ४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

होडीवाल्याने फेरी बंद केल्यापासून तुझं तोंड पाहिलं नाही मी. पुलावरून बसने यायचं तर तुला मळमळतं. फोनवर तुला ऐकू येत नाही, मी ओरडते आणि सगळी बातमी शेजारणीला कळते. तर ऐक, ह्यांच्या माघारी पडून राहिलेली फायबरची होडी नातीने अंगणात ओढून आणलीय! दुचाक्या दुरुस्त करते ना ती, तिला मोडकं दिसलं की हात शिवशिवतात.

वरून होडी ठणठणीत. आत पाय ठेवला तर तळ गादीसारखा दबला. फायबरच्या आतलं लाकूड पाणी पिऊन कुजलंय. मागची फळी, जिला इंजिन टांगतात, ती तर चमच्याने खरवडून निघाली. माझाच चमचा, भाजीचा. लेक म्हणाला, आई, भंगारात दे ही. मी म्हटलं, गुडघे तुझेही वाजतात, तुलाही देऊ का?

नवी फळी बसवून तुला ह्याच होडीतून इकडे आणणार आहे मी. नकार कळवायचे कष्ट घेऊ नकोस.

तुझी लाडकी (असं मीच म्हणते),
चिमी

ता. ११ मार्च

चि. चिमीस, अ. उ. आ.

नकार कळवते. मी कुजक्या होडीत पाय ठेवणार नाही. माझा देह तुला माहीत आहे, बसमध्ये मला दोन जागा लागतात. नवी फळी इंजिन पेलते हे तू स्वतः पाण्यात बसून पाहा, मग बोल. नातीचं कौतुक मला ऐकवू नकोस, ती अंगठा चोखायची तेव्हाही तू असंच करायचीस.

आठवण येते, एवढं लिहून पुरे करते.

ताई

ता. ९ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

आधी फजिती सांगते. जुनी फळी जपून काढली, तिच्याभोवतीच पेन्सिल फिरवून नवी कापली, तर ती बसेचना! जुनी पाण्याने फुगलेली, आणि आम्ही तिचंच माप घेतलं. सुजलेल्या पायाच्या मापाची चप्पल शिवली म्हण. नात आधी रुसली, मग हसली, मग रंधा घेऊन कडा तासत बसली.

होडी आतून पार वाळल्यावर फळी बसवली, तळाला नवं प्लायवूड टाकलं आणि वरून फायबरच्या कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून चढवले. कापड मी कापलं, लांब बाह्या घालून, कुसं फार टोचतात. रेझिन पटकन घट्ट होतं, म्हणून नात म्हणाली, आजी, आता बोलू नकोस. मी गप्प बसले! लेकाने सुनेला हाक मारून तो देखावा दाखवला.

काल होडी पाण्यात घातली. लेकाने, सुनेने आणि मी तळावर उड्या मारल्या, जराही दबला नाही. नातीने इंजिन पूर्ण वेगात सोडलं, तेव्हा मी मागे बसून त्या फळीवर हात ठेवला होता. इंजिन थरथरत होतं ताई, फळी जागची हलली नाही. ऐकीव नाही, माझ्या हाताने सांगते.

शनिवारी सकाळी तुझ्या घाटावर येतो. मधला पाट तुझा, पूर्ण.

वाट बघायला लावू नकोस,
चिमी

ता. १४ एप्रिल

चि. चिमीस, अ. उ. आ.

पिशवी भरली आहे. घाटावर मला धरायला लेकाला आण, तुझ्याच्याने व्हायचं नाही. नातीला सांग, इंजिनात तुमच्या काठापर्यंत पोचण्यापुरतंच पेट्रोल घाल. परतीचं पावसाळ्यानंतर बघू.

ताई